तुझा वेल उतरवताना

नरसक्का, या वेळी मी विचारलं.

तुला विचारणं आता होणार नाही, म्हणून तुझ्या सुनेला विचारलं. "पद्मा, अक्कावर लिहायचंय. नाव घालू का?" मांडीवरच्या सुपात तिचे हात विड्या वळत होते. वर न बघता ती म्हणाली, "आधी लिहा. वाचून दाखवा. मग सांगते की." तेव्हा लिहिताना तुझं नाव घेते आहे खरी, पण ते छापायचं की खोडायचं हे पद्मा ठरवणार आहे. तीन वर्षांपूर्वी एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. तेच तुला सांगायला बसले आहे.

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. तुझ्या खिडकीतल्या डब्यातली माती काल कोरडी झाली, मग मी पाणी घातलं. त्याआधी घातलं नाही. एवढं शिकले आहे.

आपलं भांडण या झाडावरूनच सुरू झालं होतं, आठवतं ना? पाच वर्षांपूर्वी एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. हारतुरे नकोत म्हणून त्यांनी पाहुण्यांच्या हाती रोपं दिली. माझ्या वाट्याला मनी प्लांट आला, काळ्या पिशवीतला, चार पानांचा. मला तर त्याचं नावही सहन होईना. घरी जाताना वाटेत तुमचं घरकुल लागलं. तू उंबऱ्यात बसून तेंदूची पानं कापत होतीस. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कडेनं कात्री फिरवायची, तोंडानं माझ्याशी बोलायचं, आणि कात्री कुठंही चुकायची नाही. मी पिशवी तुझ्यापुढं ठेवली.

"घे. श्रीमंतांचा शौक. ना फळ, ना फूल, ना सावली."

"मग मला कशाला?"

"मग फेकून दे."

तू कात्री खाली ठेवलीस. पानावरून अंगठा फिरवलास, विडीचं पान पारखतेस तसा. "बिड्डा," म्हणालीस. तुमच्या तेलुगूत लेकराला बिड्डा म्हणतात, आणि मी सव्वीस वर्षांची झाले तरी तुझ्यासाठी तीच राहिले. "बिड्डा, सात वर्साची होते तवापासून पानं हातात हायत. समदी मेलेली. एक जित्तं ऱ्हाऊ दे की घरात."

यावर माझ्यापाशी उत्तर होतं. माझ्यापाशी नेहमीच उत्तर असायचं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा संघटनेचं काम करायचे आणि वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. आमच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, डब्यांखाली तीच, फडताळात तीच. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे शब्द मी माझ्या नावाच्या आधी वाचायला शिकले. आई कामावर जाताना मला तुझ्या उंबऱ्यात सोडायची. तुझ्या सुपाशेजारी बसून मी ती पत्रकं मोठ्यानं वाचायची आणि तू विड्या वळत 'हूं' करायचीस. तुझा 'हूं' आला नाही की मी तीच ओळ पुन्हा, आणखी चढ्या आवाजात म्हणायची. अंबादास, तुझा मुलगा, मला तेव्हापासून 'पत्रक'च म्हणतो. "आई, पत्रक आलं बघ, चहा टाक."

रोप तुझ्याकडं राहिलं, आणि तू ते जवळजवळ मारलंस.

तेंदूचं पान वाळलं की कडक होतं, वळायला गेलं की मोडतं. म्हणून तुम्ही ते भिजवता, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता, आणि कात्री लागेपर्यंत ओल उडू देत नाही. जन्मभर तू पानाविषयी एवढाच नियम शिकली होतीस. तू मनी प्लांटलाही तोच लावलास. पिशवीभोवती ओलं गोणपाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ पाण्याचा शिपका. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, देठ बुंध्याशी काळा झाला, कुजका वास यायला लागला. मी बघितलं आणि, आता सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं. "बघ," मी म्हणाले, "श्रीमंतांचं झाड गरिबाच्या घरी जगत नाही."

तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. काळं पडलेलं सगळं तू पानांच्या कात्रीनं कापून टाकलंस. शेंड्याकडचं एक पान आणि बोटभर देठ उरला, त्यावर एक पेर. तो तू औषधाच्या तपकिरी बाटलीत पाण्यात उभा केलास आणि पेर बुडालं आहे ना ते डोळ्यापाशी नेऊन बघितलंस. पंधरा-सोळा दिवसांनी त्या पेराच्या बगलेतून पांढरा दोरा निघाला. मूळ! तू मला हाक मारून बोलावलंस. साठीच्या बाईला एवढं हरखलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मग तेलाचा प्लास्टिकचा डबा वरून कापला, तापलेल्या सळईनं बुडाला भोकं पाडली, माती भरली. आणि नवा नियम आला. रोज सकाळी तू मातीत बोट खुपसायचीस, दुसऱ्या पेरापर्यंत. बोटाला माती चिकटली तर पाणी नाही. मी विचारलं, "आता का जीव घेतेस त्याचा?" तू म्हणालीस, "मेल्या पानाला पाणी पाजावं लागतंय. जित्त्याला तहान लागू द्यायची."

मी ते वाक्य त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं, एखाद्या भाषणात वापरता येईल म्हणून. माझं हे असंच. तुझ्या तोंडून निघालेलं मला ताबडतोब छापायला हवं असायचं.

एकदा लागलं म्हटल्यावर त्या झाडानं तुझ्याकडून फार काही मागितलं नाही. चैत्र-वैशाखात खिडकीतून डबा आत सरकवायचा, कारण आपल्या सोलापूरचं ऊन पान जाळतं. आठवड्याला ओल्या फडक्यानं पानं पुसायची, कारण तुमच्या घरात तंबाखूची धूळ सगळ्यावर बसते, पानांवर आणि छातीतही. डब्याखाली पाणी झिरपायचं म्हणून तू माझीच पत्रकं घडी करून ठेवायचीस. मी चिडले की हसायचीस. "चांगलं हाय की. लई पाणी पितंय तुझं पत्रक."

"पण या वेलाचा उपयोग काय, अक्का?"

"तुझ्या पत्रकाचा काय?"

तो वाद तिथंच राहिला. दर भेटीत तो मी नव्यानं काढायची आणि तू दर वेळी तेच विचारायचीस. मला वाटायचं तू चेष्टा करतेस.

आता पत्रकाचं.

कारखान्यात विड्या मोजून घेणारा तुमच्या पाटीतल्या मूठमूठ विड्या बाद ठरवायचा आणि बाद विड्या परत मात्र द्यायचा नाही. तू हे मला गप्पांत सांगितलंस, जसं कुणी पाय दुखतो म्हणून सांगतं. माझं डोकं पेटलं. रात्रीत पत्रक लिहिलं. वरती मोठ्या अक्षरांत तुझं नाव घातलं, तुझी गल्ली घातली, तुझे शब्द अवतरणचिन्हांत घातले. खरं बोलायला भ्यायचं कशाला, हे मला घरातून शिकवलेलं. ते पत्रक चांगलं होतं, आजही मी त्यातला शब्द मागं घेणार नाही. छापून झाल्यावर तुला वाचून दाखवलं. तू 'हूं' केलंस. मग म्हणालीस, "चांगलं लिवलंस. दोन कागद ठिव मला."

त्यानंतर काही दिवसांनी आले तेव्हा तू सूप न घेता बसली होतीस. मी तुला अशी रिकामी पहिल्यांदा बघत होते. "डागदर बोलला हात थांबीव," म्हणालीस. मी दुसऱ्या दिवशी मलम घेऊन आले. तू माझ्यासमोर मनगटाला लावून घेतलंस, डोळे मिटलेस, "बरं वाटतंय," म्हणालीस. पुढच्या वेळी मी आणखी एक ट्यूब आणली. चार-पाच महिन्यांनी तू पुन्हा विड्या वळायला लागलीस, पण लांबच्या कारखान्याच्या. एवढं चालत का जातेस विचारलं तर म्हणालीस, "तिथली मोजणारी बाई बरी हाय." मी विश्वास ठेवला. लोकांच्या तोंडचं खोटं ओळखण्यात मी स्वतःला फार हुशार समजते, अक्का.

तू गेल्यावर, दहावा झाल्यावर, अंबादासनं घराला रंग द्यायचं ठरवलं. तोवर तुझा वेल खिडकीतून निघून भिंतीनं चढून, दारावरून, देवांच्या फळीवरून, मागच्या भिंतीनं फिरून पुन्हा खिडकीजवळ आला होता. सबंध खोलीला वळसा. अंबादास रंगाची बादली घेऊन उभा होता. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागावरून एक दिवसाची सुट्टी काढून आलेला.

"पत्रक, तुझंच झाड हाय. तूच उतरीव."

"कसं?"

"तोड की. बुंधा ऱ्हाऊ दे. उन्हाळ्यात परत दोन हात येतंय."

त्याचं काही चुकत नव्हतं. मनी प्लांट तोडला की दुप्पट येतो. मी तुझी पानांची कात्री घेतली आणि स्टुलावर चढले. पानं बाजूला केली.

आणि कात्री तशीच हातात राहिली.

खालून कधी दिसलं नव्हतं. वीतभर अंतरावर एकेक बारीक खिळा, आणि प्रत्येक खिळ्याला वेल लाल दोऱ्याच्या वेढ्यात अडकवलेला. तू विडीला बांधायचीस तोच दोरा, तसेच दोन वेढे आणि टोक आत सरकवलेलं. फक्त विडीला तू आवळायचीस आणि इथं सोडलं होतंस. मी करंगळीचं नख घालून बघितलं, ते आरामात आत गेलं. पाच वर्षांत देठ जाड झाला होता आणि एकाही वेढ्यानं त्याला काचलं नव्हतं. देठ किती जाड होईल हे तुला आधी कसं कळलं? आणि या स्टुलावर तू चढायचीस कधी? घरात कुणीही तुला चढताना बघितलेलं नाही.

मी कात्री खाली दिली. "मी सोडवते."

"किती हायत बघितलंस का?" अंबादास म्हणाला.

"असू देत."

मी लाल दोरे सोडवत सरकत गेले. पद्मा खालून वेल झेलत होती. दारापर्यंत आलो आणि लाल दोरा संपला. पुढं चिंध्या होत्या. तुझ्या त्या बुंदक्यांच्या निळ्या लुगड्याच्या, बारीक फाडलेल्या, दोऱ्यासारख्या पिळलेल्या. देवांच्या फळीपर्यंत सगळ्या चिंध्या. फळीच्या पुढं पुन्हा दोरा सुरू होत होता, पण हिरवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक कारखान्याचा दोरा वेगळ्या रंगाचा असतो, दोऱ्यावरून विडी कुणाची ते कळतं. लाल तुझा जुना कारखाना. हिरवा तो लांबचा.

"पद्मा, इथं दोरा का नाही?"

"तवा दोरा नव्हता घरात."

"का?"

"का म्हंजे? काम कुठं होतं."

"हां, अक्काचा हात दुखत होता."

पद्मानं खालून माझ्याकडं बघितलं. तिच्या दोन्ही खांद्यांवर वेल होता. "हात? ताई, अत्तेचा हात कधी दुखला?"

अंबादास बादलीत काठी फिरवत राहिला.

"तुमचं पत्रक वाटलं की," पद्मा म्हणाली, "त्याच्या तिसऱ्या दिवशी कारखान्यानं कामाचं पुस्तक काढून घेतलं. अत्तेचं बी, माझं बी. पानं न्हाईत, तंबाखू न्हाई. ह्यांच्या एकट्याच्या मागावर घर चाललं."

"मला कुणी बोललं का नाही?"

"आईनं शपथ घातली होती," अंबादास म्हणाला. "कळलं तर लिवायचं बंद करेल म्हणाली."

मी स्टुलावर बसून पेरं मोजली. दारापासून देवांच्या फळीपर्यंत एकोणीस पेरं. तेवढा वेल वाढेपर्यंत, चार-पाच महिने, तुमच्या घरात सूप भिंतीला उभं होतं, आणि मी तुझ्या धडधाकट मनगटाला मलम आणून देत होते.

नरसक्का, त्या एकोणीस पेरांवरची पानं सगळ्यांत मोठी आहेत. मी हात लावून बघितलं, माझा पंजा झाकेल एवढं एकेक पान, चकचकीत. मी पद्माला म्हणाले, बघ गं. ती म्हणाली, "मोठी होणार न्हाईत तर काय? घरी बसून काय करणार. ह्येच पुसत बसायची."

मला तुझा राग आला. तो अजून आहे, लपवत नाही. मला काय सोसेल आणि काय नाही हे तू परस्पर ठरवलंस. मला कळलं असतं तर मी त्या कारखान्याच्या दारात जाऊन बसले असते, बाबांना घेऊन गेले असते, आणखी दहा पत्रकं काढली असती. मग आठवलं, मीही तुला परस्परच छापलं होतं. पुस्तक काढून घेणारा हात माझा नव्हता, हे मी विसरलेले नाही. तो हात ज्याचा होता त्याच्यावरचा माझा राग रतीभरही कमी झालेला नाही. पण त्या हातात तुझी गल्ली कुणी दिली? मी दिली. त्याबद्दल तुझी माफी मागायला तीन वर्षं होती माझ्याकडं, आणि मागायची आहे हेच मला माहीत नव्हतं. आता मागते. ऐकायला तू नाहीस, तरी मागते.

आणि रागाच्या वर काहीतरी आहे, त्याला मला नीट शब्द सापडत नाही. मी त्या दिवशी स्टुलावर तोंड उघडं टाकून बघत राहिले. तेलाच्या डब्यात ओंजळभर माती. तिच्यात तू बोट लावून, मोजून घातलेलं भांडंभर पाणी. ते पाणी कुणी न ढकलता भिंत चढतं, दार ओलांडतं, त्या एकोणीस पेरांतून जातं, देवांवरून जातं, आणि सबंध खोली फिरून शेवटच्या नखाएवढ्या पानात पोचतं. काम असताना पोचलं, नसतानाही पोचलं. मी आयुष्यात एवढ्या सभा बघितल्या, एवढे मोर्चे बघितले, पण एवढं थोडं घेऊन एवढं लांब जाणारं काही बघितलं नाही. तू मला त्याच्याखाली बसवून पाच वर्षं चहा पाजलास आणि एकदाही वर बघ म्हणाली नाहीस.

आम्ही तोडलं नाही. एकेक भिंत घेतली. पद्मा आणि मी तेवढा वेल खांद्यावर घेऊन उभ्या राहायचो आणि अंबादास ब्रश मारायचा. वाटेत त्याचे तेलुगूतले शिव्याशाप चालू होते. "लोकं देवाची पालखी धरतात, आपण गवत धरलंय," म्हणाला. पण ब्रशचा एक थेंब पानावर पडला तर स्वतःच्या शर्टानं पुसला. भिंत वाळली की पुन्हा चढवायचा. लाल दोरे लाल जागी, हिरवे हिरव्या जागी. चिंध्यांपाशी आलो तेव्हा त्या माझ्या मुठीत होत्या, मळलेल्या, तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या. मी म्हणाले, "इथं नवा दोरा घालू या का? स्वच्छ दिसेल."

"व्हतं तसंच बांधा," पद्मा म्हणाली.

तसंच बांधलं.

इथवर लिहून काल तिला वाचून दाखवलं. मी उंबऱ्यात बसले, ती तुझ्या जागी बसली, मांडीवर सूप. मी वाचत होते आणि ती विड्या वळत होती. 'हूं' एकदाही आला नाही. पूर्वी मी आवाज चढवला असता. काल चढवला नाही, हळू वाचत राहिले. चिंध्यांच्या ठिकाणी तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

संपल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, खिडकीकडं बोट दाखवलं. तू गेल्यानंतर वेलाला एक नवं पेर आलं आहे. शेवटच्या हिरव्या दोऱ्याच्या पुढं ते लोंबत होतं, त्यावर गुंडाळीतून अर्धवट सुटलेलं पान. पद्मानं खिळा ठोकला, हिरव्या दोऱ्याचा तुकडा तोडून माझ्या हातात दिला.

"बांधा."

मी स्टुलावर चढले. दोन वेढे घातले, टोक आत सरकवलं, आणि निसटू नये म्हणून ओढलं.

"ढील द्या," खालून पद्मा म्हणाली. "वाढायचंय त्याला."

मी सैल केलं.

"आणखी."

आणखी सैल केलं. करंगळीचं नख घालून बघितलं, गेलं.

"आता बास," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसली. एक पान उचललं, अंगठा फिरवला. "नाव खोडू नका. हाय तसं ऱ्हाऊ द्या."

नरसक्का, तुझ्या सगळ्या वेढ्यांच्या रांगेत शेवटचा माझा आहे. बेढब आहे, खालूनही ओळखू येतो. पण काचत नाही.